गिधाडांचा कडा जपायचा, तर आधी गोठ्यातली बाटली बघा

सह्याद्रीच्या एखाद्या कड्यावर गिधाडांची वसाहत असेल, तर तिच्यावरचे सर्वात मोठे संकट त्या कड्यावर नसते. ते पन्नास-शंभर किलोमीटर दूरच्या गोठ्यात, दावणीच्या जनावराला टोचलेल्या वेदनाशामकाच्या बाटलीत असते. पश्चिमेकडच्या कड्यावर रात्र काढणारे गिधाड दुपारी माण-खटावच्या किंवा आटपाडीच्या माळावर मढ्याशी उतरू शकते. त्यामुळे ही माहिती सातारा-सांगली जिल्ह्यांतल्या जावळी, पाटण, शिराळ्याच्या डोंगरी गावांसाठी आहे, तितकीच जत, वाळवा, पलूस आणि कराडच्या पशुपालकांसाठीही आहे. नुसता कडा राखून वसाहत वाचत नाही.

भारतात १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे सुमारे ९९.९ टक्क्यांनी घटली. लांब चोचीची आणि तिची जवळची बारीक चोचीची जात मिळून सुमारे ९७ टक्क्यांनी घटल्या. कारणाचा शोध लागायला २००४ साल उजाडले. ते निघाले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. हे औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे बंद पडतात, रक्तात युरिक ॲसिड साठते आणि काही दिवसांत पक्षी मरतो. गिधाडे थव्याने जेवतात, म्हणून एका मढ्यावर अख्खा थवा जातो. शंभर मढ्यांतले एखादे विषारी असले तरी गिधाडांची संख्या कोसळायला ते पुरते. जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू स्वतः वीण करण्याजोगे व्हायला पाचेक वर्षे लागतात. मेलेला मोठा पक्षी भरून निघायला किती काळ जातो, याचा हिशोब यावरून करावा.

वसाहत आहे की नाही, हे कसे ओळखायचे

सुरुवात गावातल्या जाणत्या माणसांपासून करा. “आबा, या कड्यावर पूर्वी गिधाडं बसायची का? कुठल्या कपारीत? शेवटची कधी दिसली?” एवढे तीन प्रश्न पुरेत. मेंढपाळांना हे अधिक अचूक आठवते, कारण त्यांचा दिवस माळावर जातो.

मग कडा दुरून बघा. वासोट्याच्या बाबूकड्यासारख्या सरळसोट कातळात आडव्या कपारी असतात. ज्या कपारीत गिधाडे बसतात तिच्याखाली विष्ठेचे पांढरे ओघळ उतरलेले दिसतात. चालू वापरातला ओघळ ताज्या चुन्यासारखा झगझगीत असतो. जुना राखाडी पडतो आणि एका पावसाळ्यानंतर बराचसा धुऊन जातो. शाहीन ससाण्याच्या बैठकीखालीही पांढरे दिसते, पण ती बारीक रेघ असते. गिधाडांच्या कपारीखाली कुणीतरी बादलीने चुना ओतल्यासारखा रुंद पट्टा असतो.

पक्षी ओळखताना या खुणा धरा:

लांब चोचीचे, म्हणजे भारतीय गिधाड, कड्यावर घरटे करते. अंग फिकट मातकट, डोके आणि मान काळपट व जवळजवळ उघडी, चोच फिकट. पंखांचा पसारा दोन मीटरच्या वर आणि वजन साडेपाच-सहा किलो.

पांढऱ्या पाठीचे गिधाड काळपट असते. पाठीचा खालचा भाग पांढरा. उडताना खालून बघितले तर पंखांचा पुढचा भाग पांढरा आणि मागचा काळा दिसतो. हे कड्यावर नव्हे, उंच झाडावर घरटे करते. जुना आंबा, वड, अर्जुन अशी झाडे त्याला लागतात. रस्ता रुंदीकरणात असे झाड तोडायच्या यादीत आले, तर त्यावर घरटे आहे का हे आधी बघायला हवे.

पांढरे गिधाड, म्हणजे इजिप्शियन, आकाराने लहान, तोंड पिवळे, शेपटी पाचरीसारखी. तेही कपारीत घरटे करते. त्याची पिल्ले काळपट तपकिरी असल्याने अनेकजण त्यांना घार समजतात. घारीची शेपटी मात्र दुभंगलेली असते आणि ती वारंवार पंख हलवते. मोठे गिधाड आखूड शेपटीचे, पंखांची टोके बोटांसारखी फाकलेली, आणि पंख न हलवता गोल गोल वर चढणारे.

मोजणी: तीन फेऱ्या, एकच जागा

लांब चोचीच्या गिधाडांची अंडी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात येतात. नर-मादी आळीपाळीने सुमारे पन्नास दिवस उबवतात. पिल्लू उडायला त्यापुढे जवळजवळ चार महिने घेते. म्हणून मोजणीच्या तीन फेऱ्या ठरवा: डिसेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारीची सुरुवात, फेब्रुवारीचा उत्तरार्ध, आणि एप्रिलचा मध्य. एकच फेरी जमणार असेल तर पहिली करा, कारण उबवणारे पक्षी त्याच वेळी पक्के मोजता येतात.

साहित्य फार लागत नाही. ८×४२ किंवा १०×४२ ची दुर्बीण, शक्य असेल तर तिकाटण्यावरचा स्पॉटिंग स्कोप, वही, पेन्सिल, आणि कड्याचा मोठा छापलेला फोटो. पेन्सिल यासाठी, की डोंगरावरच्या दवात पेनची शाई पसरते. कोयना अभयारण्य किंवा चांदोली राष्ट्रीय उद्यानात जायचे असेल तर वन विभागाची परवानगी आधी काढा आणि वनरक्षकाला सोबत घ्या.

जागा समोरच्या सोंडेवर निवडा. कड्यापासून किमान ३०० मीटर आणि घरट्यांच्या पातळीवर किंवा थोडी खाली. कड्याच्या माथ्यावर उभे राहून खाली वाकून बघणे हा सर्वात वाईट प्रकार. पक्ष्याला डोक्यावर हालचाल दिसली की तो दचकून उठतो आणि त्या धक्क्याने अंडे कपारीतून घरंगळू शकते. तुम्ही बसल्यावर दोन-तीन पक्षी एकदम मान ताणून तुमच्याकडे बघू लागले, तर जागा चुकली आहे. लगेच मागे सरका.

सकाळी उजाडल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंतचा वेळ चांगला. त्यानंतर ऊन तापते, गरम हवा वर चढू लागते आणि गिधाडे तिच्यावर स्वार होऊन निघून जातात. पुन्हा साडेचार ते सूर्यास्त या वेळात ती परततात. सह्याद्रीचे बरेच कडे कोकणाकडे, पश्चिमेला तोंड करून आहेत. सकाळी ते सावलीत असतात, त्यामुळे कपारीच्या आतले दिसायला स्कोप लागतो. संध्याकाळी ऊन थेट कपारीत पडते आणि साध्या दुर्बिणीतूनही घरटे उघडे दिसते. दुपारी दोन-तीनला मोजू नका. तापलेल्या कातळासमोर हवा थरथरते आणि दगडही पक्षी वाटतो.

आता प्रत्यक्ष मोजणी. फोटोवर प्रत्येक वापरातल्या कपारीला डावीकडून उजवीकडे क्रमांक द्या आणि ते क्रमांक पुढे कधीही बदलू नका. नवी कपार सापडली तर ७ आणि ८ च्या मध्ये ७क असे लिहा. प्रत्येक कपारीकडे निदान पंधरा मिनिटे बघा. उबवणारा पक्षी सपाट पसरून बसतो. फक्त पाठ दिसते, डोके दिसतही नाही, आणि घाईत नजर टाकली तर मातीचा उंचवटा वाटतो. मध्येच तो उठतो, चोचीने खाली काहीतरी हळूच फिरवतो आणि पुन्हा बसतो. तो अंडे फिरवत असतो. हे दिसले की त्या क्रमांकापुढे ‘अंडे’ लिहा. घरट्यात पक्षी उभा असेल आणि खाली राखी-पांढरा कापसाचा गोळा हलत असेल तर ‘पिल्लू’. नुसता पक्षी बसलेला असेल तर ‘बैठक’. एकूण आकडा म्हणून एका क्षणी कड्यावर दिसलेले जास्तीत जास्त पक्षी लिहा. येणारे-जाणारे बेरजेत धरू नका, एकच पक्षी चार वेळा मोजला जातो. शेजारी दुसरा कडा असेल तर तिथे त्याच तासाला दुसरी जोडगोळी बसवा.

या आकड्यांतून कारण हुडकता येते, म्हणून ते सलग ठेवायचे. समजा डिसेंबरात दहा घरट्यांत अंडी होती आणि एप्रिलमध्ये सहा पिल्ले उडण्याच्या बेतात दिसली, तर वीण ६० टक्के यशस्वी झाली. मोठ्या पक्ष्यांची संख्या टिकून आहे पण पिल्ले घटत आहेत, तर कड्यावर काहीतरी बिघडले आहे: माणसांचा वावर, वणवा, किंवा खाद्याची टंचाई. उलट उडणारी पिल्ले ठीक आहेत पण मोठेच पक्षी दरवर्षी कमी होत आहेत, तर ते बाहेर, जेवायला जातात तिथे मरत आहेत. तेव्हा कड्यावर पाटी लावून उपयोग नाही, औषधांच्या दुकानात जायला हवे.

कपारींचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. फोटोतल्या जागेची नोंद बंद करा.

औषध: कोणते चालते, कोणते नाही

सर्वात जास्त कष्ट इथे घ्यावेत. कड्यावरच्या दहा फेऱ्यांपेक्षा तालुक्यातल्या दहा मेडिकल दुकानांची एक फेरी गिधाडांच्या जास्त कामाची.

जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ पासून बंदी आहे. बंदीनंतर माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांचे इंजेक्शनही ३ मिलीच्या एका मात्रेपुरते मर्यादित केले गेले. किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक यांच्या पशुवापरावर २०२३ मध्ये बंदी आली, आणि निमेसुलाइडवर डिसेंबर २०२४ च्या अखेरीस. असिक्लोफिनॅक गाई-म्हशींच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकमध्येच बदलते. नाव वेगळे म्हणून ते निर्धोक समजू नका. फ्लुनिक्सिनही गिधाडांना मारते, तेही टाळा.

गिधाडांसाठी सुरक्षित ठरलेली औषधे दोन: मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक ॲसिड.

“मेलॉक्सिकॅमनं गुण येत नाही” ही तक्रार गावोगाव ऐकू येते. बहुतेक वेळा मात्रा कमी पडलेली असते. गाईगुरांसाठी मेलॉक्सिकॅमची नेहमीची मात्रा किलोला ०.५ मिलिग्रॅम आहे. ३०० किलोच्या गाईला १५० मिलिग्रॅम लागते. बाटलीवर मिलीला ५ मिलिग्रॅम लिहिले असेल, तर ते ३० मिली होतात. सवयीने दहा मिली टोचले तर औषधाचा तिसरा हिस्साच गेला. सूज उतरत नाही आणि माणूस परत जुन्या ‘कडक’ इंजेक्शनकडे वळतो. बाजारात मिलीला जास्त मिलिग्रॅमच्या बाटल्याही मिळतात, त्यामुळे मिली न मोजता मिलिग्रॅम मोजायचे. मात्रा पशुवैद्यकाने ठरवायची. पण हा हिशोब पशुपालकाला माहीत असला की तो विचारू शकतो: “डॉक्टर, गाय चारशे किलोची आहे, एवढ्यानं भागेल का?”

दुकानात बाटली घेताना मोठ्या अक्षरातले ब्रँडचे नाव बघू नका. त्याखालची बारीक अक्षरातली घटकांची ओळ वाचा. मिश्र औषधांत दुसरे नाव तिथेच लपलेले असते. ती ओळ इंग्रजीत असते, म्हणून वर सांगितलेल्या पाच घातक आणि दोन सुरक्षित औषधांची नावे दोन्ही लिप्यांत लिहिलेला एक पुठ्ठा गोठ्याच्या भिंतीला, दूध संकलन केंद्रात आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात लावा. शाळेतली मुले बाटली आणि पुठ्ठा जुळवून बघू शकतात.

दुकानांची पाहणी करताना भांडू नका. “जनावराच्या दुखण्यावर इंजेक्शन द्या” एवढेच म्हणा आणि दुकानदार आपणहून काय काढतो ते बघा. नाव, घटक, बाटली किती मिलीची, किंमत आणि तारीख वहीत लिहा. खरेदी केली तर बिल घ्या. बंदी असलेले औषध निघाले तर बिलासह अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. गोठ्यामागच्या उकिरड्यात माणसांच्या ३ मिलीच्या चार-पाच रिकाम्या कुप्या एकत्र पडलेल्या दिसल्या, तर त्या कुप्या माणसांसाठी फोडलेल्या नाहीत हे समजून घ्या. एका कुपीत ७५ मिलिग्रॅम डायक्लोफिनॅक असते, माणसाला एक पुरते.

आपल्या दोन जिल्ह्यांत वेदनाशामक कुठे जास्त जाते, हे ठरवून तिथे आधी पोहोचा. कृष्णाकाठच्या बागायती पट्ट्यात जर्सी-होल्स्टिन गाईंना कासदाह, म्हणजे दगडी झाली की इंजेक्शन येतेच. ऊसतोडीच्या हंगामात गाडीच्या बैलांचे खांदे येतात, पाय धरतात, आणि बैल दुसऱ्या दिवशी उभा राहावा म्हणून टोचले जाते. हा हंगाम आणि गिधाडांची वीण एकाच वेळी चालते, त्यामुळे कारखान्याच्या तळावर ऑक्टोबरातच जाऊन बोलावे. पूर्वेकडे मेंढपाळ मेंढरांना स्वतःच टोचतात. त्यांना गाठायला पुसेगावची किंवा खरसुंडीची यात्रा बरी. खिलार जनावरांच्या बाजारात एका टेबलावर चार बाटल्या ठेवून समजावले, तर पत्रकापेक्षा ते लक्षात राहते.

मेलेले जनावर: टाकायचे की पुरायचे

गिधाडांना मेलेली जनावरे हवीत आणि ती निर्विष हवीत. या दोन्हींपैकी एकच पाळले तर नुकसान होते. सगळी जनावरे पुरली तर पक्षी उपाशी मरतो. न तपासता सगळी टाकली तर ठरलेल्या ठिकाणी जमलेला सगळा थवा एकाच दिवशी मरू शकतो. औषधांवर नजर ठेवायची तयारी नसेल, तर गिधाडांसाठी उपाहारगृह, म्हणजे मेलेली जनावरे ठेवायची ठरलेली जागा, उभारू नका.

कुठले जनावर टाकायचे नाही, ते आधी ठरवा.

१. शेवटच्या सात दिवसांत वर सांगितलेल्या घातक औषधांपैकी काही दिले असेल, किंवा काय दिले ते कुणालाच सांगता येत नसेल. दिल्यानंतरचे पहिले तीन दिवस सर्वात वाईट. बाकीचे दिवस खबरदारीचे. यकृत, मूत्रपिंड आणि इंजेक्शन टोचलेली जागा यांत औषध सर्वाधिक असते, पण तेवढे कापून उरलेले टाकणे हा उपाय नव्हे.

२. अचानक मेलेले, पोट लगेच फुगलेले आणि नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळपट रक्त आलेले. हा काळपुळी, डॉक्टर ज्याला अँथ्रॅक्स म्हणतात, तो रोग असू शकतो. असे जनावर अजिबात फाडू नका, कातडे काढू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ ला कळवा आणि त्यांच्या देखरेखीत सहा फूट खोल चुना घालून पुरा.

३. लंपी किंवा पिसाळण्याच्या संशयाने मेलेले.

४. विषबाधेने मेलेले, किंवा डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन दयामरण दिलेले. झोपेच्या त्या औषधानेही गिधाडे मरतात.

बाकीचे जनावर स्वीकारताना एका वहीत मालकाचे नाव, गाव, जनावर, आजार, कुणी उपचार केले, सात दिवसांत कोणती औषधे दिली आणि मालकाची सही घ्या. गोशाळेशी बोलणी केली तर काम सोपे होते, कारण तिथे उपचाराची नोंद बहुधा असते.

जागा निवडताना उघडा, किंचित उताराचा माळ बघा. पोट भरलेल्या गिधाडाला उडायला धाव घ्यावी लागते. चारी बाजूंनी झाडी असेल तर ते उतरतच नाही. विजेच्या तारांपासून किमान ५०० मीटर, विहीर-ओढ्यापासून २०० मीटर दूर. पवनचक्क्यांचे पठार पूर्ण वर्ज्य. चाळकेवाडी, वनकुसवडे, ढालगाव, गुढे-पाचगणी या बाजूंना माळ मोकळा दिसतो म्हणून भुलू नका. मढ्यावर नजर ठेवून घिरट्या घालणारा पक्षी समोरच्या पात्याकडे बघत नाही. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत मेलेली जनावरे टाकण्यास मनाई आहे, म्हणजे कराडच्या आसपास नकाशा बघूनच ठरवा.

पन्नास बाय पन्नास मीटरला सहा फुटी जाळीचे कुंपण घाला आणि जाळी एक फूट जमिनीत गाडा, नाहीतर कुत्री उकरून शिरतात. कुत्र्यांची टोळी असली की गिधाडे झाडावर बसून राहतात आणि उपाशी परततात. आत एक उथळ, वीतभर खोल पाण्याचा हौद करा. जेवण झाल्यावर गिधाडे अंघोळ करतात.

जनावर ठेवण्यापूर्वी वेसण, दावे, कासरा, घुंगरू, कानातला बिल्ला काढा. म्हशीचे कातडे गिधाडाच्या चोचीला सहज फाटत नाही, म्हणून कातडे काढून घ्या किंवा पोटापासून मांडीपर्यंत चीर द्या. हातमोजे आणि गमबूट घालूनच. कोठा फुटल्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा गोळा निघतो, तो काट्याने उचलून वेगळा पुरा. हाडे सगळी हलवू नका, पिलांना कॅल्शियमसाठी हाडांचे लहान तुकडे लागतात.

किती जनावरे लागतील? गिधाड एका बैठकीत किलोभर खाते, पण रोजची सरासरी गरज ३०० ते ५०० ग्रॅम. वीस पक्ष्यांना दिवसाला आठ किलो धरले तर महिन्याला २४० किलो. ३०० किलोच्या जनावरातून साधारण शंभर-सव्वाशे किलो खाण्याजोगे निघते. म्हणजे महिन्याला दोन मोठी जनावरे पुष्कळ झाली. जास्त टाकली तर सडते, कुत्री आणि माश्या वाढतात, आणि गाव विरोधात जाते. पहिले काही आठवडे एकही गिधाड आले नाही तरी घाबरू नका. आधी कावळे येतात, मग पांढरी गिधाडे, आणि त्यांचे उतरणे उंचावरून बघून मोठी येतात.

इथे खायला घातले म्हणजे पक्षी बाहेर जाणार नाहीत, असे मात्र होत नाही. ते दूर जातातच. भोवतालच्या १०० किलोमीटरच्या टापूत औषध सुरक्षित करायचे, असा नियम गिधाड संवर्धनात धरला जातो तो याचसाठी.

कड्यावरचा उपद्रव

ऑक्टोबर ते मे कड्यावर दोर लावू नये. ट्रेकिंगचा आणि रॅपलिंगचा हंगाम नेमका याच काळात येतो, म्हणून तालुक्यातल्या गिर्यारोहण गटांशी सप्टेंबरातच बसून कुठला कडा टाळायचा ते ठरवा. पर्यायी कडा सुचवलात तर भांडण होत नाही. ड्रोन मात्र कुठल्याच अटीवर नको, गिधाड त्याच्यावर चाल करते किंवा घरटे सोडून उठते.

आग्या मोहोळ बहुधा त्याच कातळाला असते. मध काढणारे धूर करतात आणि तो धूर कपारीत भरतो. मध काढणाऱ्या कुटुंबाशी बोलून घरटी असलेली बाजू मे अखेरपर्यंत सोडायला सांगा. मोजणी करणाऱ्यांनीही मोहोळाच्या दिशेने वारा असेल तर अत्तर लावून जाऊ नये.

फेब्रुवारी-मार्चचा वणवा सर्वात घातक. गवत चांगले येईल या समजुतीने उतार पेटवले जातात आणि ज्वाळा कड्याच्या पायथ्याला पोहोचल्या की धूर वर चढतो, तेव्हा कपारीत न उडणारे पिल्लू असते. गवत वाळताच, डिसेंबर संपण्यापूर्वी, कड्याच्या पायथ्यापासून शंभर मीटर खाली तीन मीटर रुंदीची जाळरेषा काढून घ्या. ती वन विभागाला विचारूनच.

बिबट्याने शेळी मारली की रागाने तिच्यात थायमेट, म्हणजे फोरेट हे कीटकनाशक, घालण्याचा प्रकार होतो. त्या फोरेटवर डिसेंबर २०२० अखेरपासून बंदी आहे, तरी जुने डबे घरात असतात. बिबट्या फिरकला नाही तरी त्या मढ्यावर गिधाडे येतात आणि तिथेच पडतात. लोकांना विष नको म्हणण्याआधी भरपाई मिळवून द्या: मारलेले जनावर जागेवरून हलवायचे नाही, ४८ तासांच्या आत वनरक्षकाला कळवायचे, फोटो काढायचे, पंचनामा करून घ्यायचा. अर्ज कुणीतरी बसून भरून दिला तर थायमेटचा डबा उघडत नाही.

विजेच्या तारांचा धोका टाळण्यासाठी, ज्या खांबाखाली मोठे पक्षी मेलेले सापडले त्याचा क्रमांक आणि फोटो घेऊन महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात अर्ज द्या, आणि खांबाच्या टोकाजवळच्या तारांना इन्सुलेशनची नळी घालण्याची मागणी करा.

ग्रामसभेचा ठराव

गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीमार्फत लोक जैवविविधता नोंदवहीत कडा आणि घरट्यांची झाडे नोंदवा. ठराव असा लिहिता येईल: “ग्रामसभा ठरवते की गावाच्या हद्दीत जनावरांसाठी डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, किटोप्रोफेन, निमेसुलाइड व फ्लुनिक्सिन वापरले जाणार नाही. ऑक्टोबर ते मे या काळात गिधाडांच्या कड्यावर दोर, धूर, ड्रोन व फटाके यांस मनाई राहील. मेलेल्या जनावराची औषधनोंद असल्याशिवाय ते उघड्यावर टाकले जाणार नाही.” एकेक प्रत पशुवैद्यकीय दवाखाना, वनपरिक्षेत्र अधिकारी आणि गावातल्या मेडिकलला पोच घेऊन द्या.

आजारी किंवा मेलेले गिधाड सापडले तर

आधी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन. एप्रिलमध्ये कड्याखाली सापडलेले तरुण पिल्लू तरतरीत असेल, चालत-उड्या मारत असेल, तर त्याला उचलू नका. कुत्री हाकलून लांबून पहारा द्या. ते उंच दगडावर चढून पुन्हा वारा धरते.

मान पायांपर्यंत झुकवून तासन् तास बसलेला, जवळ गेले तरी न उठणारा पक्षी मात्र आजारी आहे. वनरक्षकांनी सांगितले तरच धरा. डोक्यावर जाड टॉवेल टाकायचा, मग चोच सांभाळत मागून पंख अंगाशी दाबून उचलायचे. गिधाडाच्या नखांपेक्षा चोच धोक्याची. घाबरले की ते ओकते, म्हणून डोके खाली राहू द्या, तोंड दाबून धरू नका. भोके पाडलेल्या मोठ्या खोक्यात, सावलीत ठेवा. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते.

मेलेला पक्षी पुरू किंवा जाळू नका. फोटो काढा, ओल्या गोणपाटाने झाका, सावली करा आणि माणूस बसवा. काही तासांत शवविच्छेदन झाले तर उत्तर मिळते. डायक्लोफिनॅकने मेलेल्या गिधाडाचे पोट उघडले की यकृतावर, हृदयावर, मूत्रपिंडावर खडूची भुकटी चोपडल्यासारखा पांढरा थर दिसतो. तो युरिक ॲसिडचा असतो. यकृत आणि मूत्रपिंडाचे तुकडे गोठवून ठेवायची, आणि वेगळा संच १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवायची विनंती डॉक्टरांना लगेच करा. नंतर नमुने कुठे पाठवले त्याचा जावक क्रमांक लिहून घ्या. अहवालाची वाट बघत बसू नका. त्याच दिवशी आसपासच्या गावांत चौकशी सुरू करा: गेल्या आठवड्यात कुणाचे जनावर मेले, कुठे टाकले, आणि शेवटचे इंजेक्शन कुठल्या बाटलीतले होते.